मार खाऊन गायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. पहिल्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं, ते खोडलं. त्यात मी तुम्हाला समजावत बसलो होतो, आणि समजावणाऱ्यांचा तुम्हाला आधीच वीट आलाय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दुःखातल्या स्तुतीवरचा माझा लेख वाचून ताईंनी लिहिलं की, वडील गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, दोघी घरी आल्या आणि "रडू नका, देवाची स्तुती करा" असं सांगून गेल्या. तेव्हापासून उपासनेत गीत सुरू झालं की या गप्प उभ्या राहतात. शेवटी त्या लिहितात, "मार खाऊन मारणाऱ्याचेच गोडवे गायचे, याला भक्ती नाही, लाचारी म्हणतात."

हे झोंबलं. कारण माझ्या लेखातलं एक वाक्य त्या दोघींच्या तोंडी अगदी शोभलं असतं: "मन जड असेल तेव्हा मुद्दाम मोठ्याने गा." हे लिहिलं त्या दिवशी माझं मन जड नव्हतं. रात्री झोपही छान झाली होती.

जड होतं तेव्हाचं सांगतो. आईला अतिदक्षता विभागात नेलं त्या रात्री नर्सने तिच्या चपला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. ती पिशवी मांडीवर घेऊन मी बाहेरच्या खुर्चीत बसून होतो. खिशात छोटी स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांचं पुस्तक, होती. सवयीने १०३ वं स्तोत्र काढलं, 'हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर'. तिसऱ्या वचनाला आलो, तो तुझे सर्व रोग बरे करतो, आणि पुस्तक मिटलं. काचेच्या दारापलीकडे मशीन टिकटिकत होतं. स्तुती सोडाच, त्या वचनाचा रागच आला.

पुढे कधीतरी पहाटे ८८ वं उघडलं. हे स्तोत्र उपासनेत कधी वाचलेलं मला तरी आठवत नाही. दिवसरात्र हाक मारतोय, तू तोंड का लपवतोस, असं विचारत ते जातं आणि शेवटच्या वचनात अंधारातच संपतं. 'तरीही मी गाईन' असली कलाटणी नाही. स्तुतीचा उल्लेख येतो तोही वादाचा मुद्दा म्हणून: मेलेले उठून तुझं स्तवन करणार आहेत का? म्हणजे मी मेलो तर गाणार कोण, हे तूच बघ! ज्या ग्रंथात हे आहे, त्याचं हिब्रू नाव 'तहिल्लीम', म्हणजे स्तवनं. १५० स्तोत्रं जमवणाऱ्यांना हे रडगाणं वगळता आलं असतं. त्यांनी ते स्तवनांतच ठेवलं.

बायबलमधल्या ईयोबाचंही, म्हणजे मुलंबाळं आणि मालमत्ता सगळं गमावलेल्या त्या माणसाचंही, आपण असंच करतो. पहिल्या अध्यायातलं 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले' पाठ करतो, आणि तिसऱ्या अध्यायात तोच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो तिथून भरभर पुढे जातो. त्याचे मित्र सात दिवस न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते. तेवढं त्यांनी चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि दोष त्यालाच दिला. शेवटी, ४२ व्या अध्यायात, देव या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की, माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. तुमच्या घरी आलेल्या दोघींना सात दिवस काय, सात मिनिटंही गप्प बसवलं नाही.

आता लाचारीचं. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. मार खाऊन गाणारे दोघे पवित्र शास्त्रात खरोखरच आहेत. पौल आणि सीला, येशूचा संदेश सांगत फिरणारे दोघे, फिलिप्पै शहराच्या तुरुंगात. अंगावर छड्यांचे वळ, पाय खोड्यात, आणि मध्यरात्री गाताहेत. बाहेरून कोणी येऊन 'गा रे' म्हटलं नव्हतं. आणि सकाळी अधिकाऱ्यांनी 'सोडून द्या त्यांना' असा निरोप धाडला, तर पौल जायला तयार नाही. चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप बाहेर काढता? त्यांनी स्वतः यावं! आणि ते आले. लाचार माणूस असं बोलत नाही. छड्या कुणी मारल्या हे पौलाला पक्कं ठाऊक होतं, आणि रात्रीची गाणी त्या हातांसाठी नव्हती.

तुम्ही म्हणाल, माझ्या वडिलांच्या बाबतीत छडी कुणाच्या हातात होती? ताई, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आईच्या बाबतीतही नाही. ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात, त्यांच्यापासून मी चार हात लांब राहतो. मला एवढंच कळतं की 'कोठवर?' हे ज्याच्याकडून काही अपेक्षा असते त्यालाच विचारलं जातं. १३ व्या स्तोत्रात सुरुवातीलाच चार वेळा 'कोठवर' आहे, आणि सहाव्या, शेवटच्या वचनात गाणं. मध्ये परिस्थिती बदलल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये किती महिने गेले कुणास ठाऊक. आपण ते मिनिटभरात वाचतो, म्हणून वाटतं त्याचं दुःखही मिनिटभरात ओसरलं.

आई गेल्यावर मीही बरेच दिवस गीतपुस्तक नुसतं हातात धरून उभा असायचो. माझ्या डावीकडे एक आजोबा असत. बेसूर, आणि सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे. बाकीचे थांबले तरी त्यांचं शेवटचं कडवं चालूच. त्यांनी मला एकदाही 'तू का गात नाहीस' असं विचारलं नाही. मी कधी गायला लागलो, ते मला नीटसं आठवत नाही.

'मुद्दाम मोठ्याने गा' हे वाक्य मूळ लेखात खोडलेल्या अवस्थेत ठेवलंय. पुसून टाकलं असतं तर तुम्ही कशाबद्दल बोलताय ते नव्या वाचकाला कळलं नसतं. त्याखाली तुमच्या प्रतिक्रियेचा दुवा दिलाय. तो नको असेल तर कळवा, काढतो.