स्वीडनचा दाखला देऊन वर्गातला टीव्ही बंद करू नका

शाळा उघडल्या की पालकांमध्ये एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘स्वीडनने शाळांतले संगणक फेकून दिले आणि पुन्हा पुस्तकं आणली. स्टीव्ह जॉब्स स्वतःच्या मुलांना आयपॅड देत नव्हता. स्क्रीनमुळे डोळे जातात. आपण पाटीवर शिकलो, काय बिघडलं? शाळेतले डिजिटल बोर्ड आणि टॅब बंद करा, पैसे वाचवा.’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. हा मेसेज वाचून आमच्याकडे काही पालकांनी वर्गातल्या टीव्हीसाठीची लोकवर्गणी थांबवा असं सुचवलं, म्हणून हे लिहितोय. पालकांची काळजी खरी आहे. पण तिच्यातून जो निष्कर्ष काढला जातोय, त्याने आपल्याच मुलांचं नुकसान होईल.

आधी स्वीडन. तिथे बालवाडीच्या मुलांनासुद्धा डिजिटल साधनं सक्तीची केली होती आणि बऱ्याच शाळांत छापील पुस्तकाची जागा टॅबने घेतली होती. चौथीच्या मुलांचं वाचन तपासणारी ‘पर्ल्स’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तीत स्वीडनचे गुण २०१६ साली ५५५ होते, ते २०२१ मध्ये ५४४ झाले. कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट या तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाने सरकारच्या डिजिटल धोरणावर जाहीर टीका केली. २०२३ मध्ये तेव्हाच्या शाळामंत्री लोटा एडहोल्म यांनी बालवाडीतली सक्ती मागे घ्यायचं ठरवलं आणि सरकारने पुस्तकांसाठी ६८ कोटी ५० लाख क्रोनर दिले. लहान मुलांच्या हातून टॅब काढला, प्रत्येकाला पुस्तक मिळेल असं पाहिलं, आणि मोठ्या वर्गांत संगणक ठेवला. याला ‘फेकून दिले’ म्हणत नाहीत.

आपल्याकडे तर पुस्तक गेलंच नव्हतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला ते मोफत मिळतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठीही. त्यात पुस्तक तसंच राहतं, आणि कविता ऐकायची असेल किंवा प्रयोग बघायचा असेल तर त्याच पानावरून वाट निघते. बालभारतीच्या पुस्तकांवर आज हे कोड आहेत. किती पालकांनी ते एकदा तरी उघडून पाहिले असतील?

स्टीव्ह जॉब्स २०१० मध्ये एका पत्रकाराला जे म्हणाला, ते घरात मुलांनी तंत्रज्ञान किती वापरावं याबद्दल होतं. वर्गाचा तिथे विषयच नव्हता. शिवाय त्याच्या मुलांना घरी जे मिळत होतं, ते आमच्या वर्गातल्या मुलांना मिळत नाही. सातवीचं बीजगणित अडलं तर घरात विचारायला कुणी नसतं, अशी किती तरी मुलं माझ्यासमोर बसतात.

डोळ्यांबद्दल मी पालकांच्या बाजूने आहे. पण नजर अधू होण्याचा धोका वाढतो तो हातभर अंतरावरच्या पडद्याकडे तासन्‌तास बघून आणि उन्हात न खेळल्यामुळे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास घराबाहेर, उजेडात ठेवण्याचा कार्यक्रम घेतला, आणि अधू नजरेचं वर्षानुवर्षं वाढत चाललेलं प्रमाण पुढे घटू लागलं. वर्गातला टीव्ही दहा-बारा फुटांवर असतो आणि पंधरा मिनिटांत बंद होतो. आता ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’चा २०२४ चा अहवाल पाहा. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती, सोशल मीडियासाठी वापरणारी ७६ टक्के. शाळेने टीव्ही काढला तरी हा फोन घरात आहेच. तो कामासाठी कसा वापरायचा, हे मुलांना शाळा नाही शिकवणार तर कोण शिकवणार?

‘आपण पाटीवर शिकलो’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. जे शिकले ते आज असे मेसेज लिहितायत. अपूर्णांकात अडकून शाळा सोडून गेलेले, त्याच बाकावरचे सोबती या चर्चेत नाहीत.

वर्गात नेमकं काय होतं ते सांगतो. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे मी फळ्यावर लिहिलं की मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा वरचा बिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोनांचे आकडे बदलतात, बेरीज मात्र हलत नाही. मुलं ओरडतात, “सर, अजून खाली ओढा!” बिंदू पार पायापर्यंत आणला की दोन कोन शून्याकडे जातात आणि तिसरा १८० कडे. मग मी टीव्ही बंद करतो आणि प्रत्येकाला कागदाचा त्रिकोण कापून त्याचे कोपरे जोडायला लावतो. हे दोन्ही एका तासात होतं. कागदाच्या एका त्रिकोणावर जे पटतं, ते सगळ्या त्रिकोणांना लागू आहे हे पडद्यावर दिसतं.

राहिला पैशाचा मुद्दा. त्यात दम आहे. पेरू देशाने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये आलेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांवर त्याचा परिणाम दिसला नाही, कारण यंत्र दिलं पण त्याची शिकवण्याशी सांगड घातली नाही. दिल्लीत मात्र सहावी ते नववीच्या मुलांवर ‘माइंडस्पार्क’ या संगणकावर शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला. तिथे सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. संगणक प्रत्येकाला त्याच्या पातळीचा प्रश्न द्यायचा, आणि जोडीला छोट्या गटात शिकवणारा माणूस असायचा. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ही मुलं इतरांच्या बरीच पुढे गेली. यंत्र तेच, फरक ते कशासाठी आणलं यात.

आपल्याकडेही वीजबिल थकून जोडणी तुटलेल्या शाळा आहेत आणि खोक्यातच राहिलेले संच आहेत. त्यावर पालकांनी चिडावं, पण चिडून गप्प बसू नये. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना तीन चतुर्थांश जागा दिल्या आहेत. पुढच्या बैठकीत विचारा: गेल्या महिन्यात टीव्ही कोणत्या पाठाला लावला? दुरुस्ती आणि वीजबिलाची तरतूद कुठून? शिक्षकांचं प्रशिक्षण कधी झालं? उत्तरं नीट मिळाली नाहीत तर वर्गणी जरूर रोखा. मिळाली, तर एक दिवस गणिताच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसा आणि मग ठरवा.