'हुशार पोराला वेगळं काही लागत नाही' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर शाळा सुरू व्हायच्या सुमारास एक मेसेज हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: सोनं उकिरड्यावर पडलं तरी सोनंच, हुशार पोर आपोआप पुढं जातं, रामानुजनला कुणी खास शिकवलं होतं? सरकारी शाळेत कायद्यानं सगळ्यांना सारखंच शिकवायचं असतं, तेव्हा गुरुजींच्या मागं लागू नका. एकाला जादा दिलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो, आणि वरच्या वर्गाचं शिकवलं तर पोर बिघडतं. खरंच पुढं असेल तर मराठी शाळेतून काढून इंग्लिश मीडियमला घाला, नाहीतर त्याच गुरुजींची शिकवणी लावा. खाली जोडलेले हात आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

पटलं नाही, म्हणून पुढं न पाठवता उत्तर लिहितोय.

रामानुजनपासून सुरुवात करतो, कारण तेच नाव वाचून लोक गप्प बसतात. कुंभकोणमला त्याच्या घरी राहायला असलेल्या कॉलेजच्या मुलांकडून त्याला लोनीचं त्रिकोणमितीचं पुस्तक मिळालं. १९०३ च्या सुमारास कारचा हजारो सूत्रांचा संग्रह हाती आला आणि पोरगं त्यात बुडालं. पुढं कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली, पण गणिताशिवाय कशात लक्ष लागेना. बाकीच्या विषयांत घसरला आणि शिष्यवृत्ती गेली. मद्रासच्या कॉलेजातही एफ.ए.ला (तेव्हाची बारावीसारखी परीक्षा) नापास. त्यानंतरची वर्षं अक्षरशः हालाखीची. मग रामस्वामी अय्यर आणि शेषू अय्यर या गणितातल्या जाणकारांनी त्याच्यासाठी शब्द टाकला, नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी महिन्याला २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले, १९१२ ला मद्रास बंदराच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी मिळाली आणि १९१३ ला मद्रास विद्यापीठानं महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. यातलं आपोआप काय झालं? त्याच्यासाठी दार ठोठावणारी माणसं भेटली म्हणून आपण आज त्याचं नाव घेतो. बाबासाहेबांच्या बाबतीतही केळुसकर गुरुजी त्यांच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत गेले होते. दार ठोठावणारं कुणी न भेटलेल्या पोरांची चरित्रं कुणी लिहीत नाही, त्यामुळे ती मेसेजात येत नाहीत.

आता कायदा. 'सगळ्यांना सारखंच' असं शिक्षण हक्क कायद्यात कुठंही नाही. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिलीत. त्यात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची आणि त्याप्रमाणे गरज असेल ते जादा शिकवायचं, असं स्पष्ट आहे. हे बहुतेकांना मागं पडलेल्या मुलांपुरतं वाटतं. कायदा 'प्रत्येक मूल' म्हणतो. कलम २९ अभ्यासक्रमाबद्दल बोलताना मुलाचं ज्ञान, क्षमता आणि अंगचे गुण वाढवण्याची गोष्ट करतं. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची प्रगती सांगणं हेसुद्धा कलम २४ मध्येच आहे. म्हणजे तुम्ही शाळेत जाऊन 'माझ्या मुलीला तिसरीचं गणित पुरत नाही' असं सांगितलंत, तर तुम्ही गुरुजींच्या मागं लागत नाही, त्यांच्या कामातलंच एक काम त्यांना दाखवताय.

आणि त्याच गुरुजींची शिकवणी? कलम २८ वाचा. शिक्षकानं खासगी शिकवणी घ्यायला त्यात सरळ बंदी आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं जे मागायचा हक्क आहे ते मागू नका म्हटलंय, आणि ज्याला बंदी आहे ते करा म्हटलंय.

एकाच खोलीत प्रत्येकानं आपापल्या वेगानं जायचं, ही काही परदेशी कल्पना नाही. कर्नाटकातल्या कन्नड सरकारी शाळांतली 'नली-कली' पद्धत हेच करते. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ती सुरू झाली आणि पुढं राज्यभर पसरली. पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसतात, कार्डांवरचे टप्पे आपापल्या गतीनं पार करतात. एखादं पोर पुढच्या टप्प्यावर गेलं म्हणून कुणी अन्याय म्हणून ओरडत नाही.

आपल्याकडे तर त्याहून सोपी सोय आहे, फक्त तिला कुणी सोय म्हणत नाही. जांबोटी, कणकुंबीकडच्या रानातल्या छोट्या शाळांत एका मास्तरांकडे दोन-तीन वर्ग असतात. तिसरीतलं पोर कान देऊन पाचवीचं गणित ऐकत असतं. त्याला त्या तासापुरतं पाचवीच्या रांगेत बसवायला ना नवी खोली लागते, ना नवा शिक्षक. हजेरी तिसरीतच लागते, बाकीचे विषय तिसरीचेच. पूर्ण इयत्ता ओलांडणं हे निराळं प्रकरण, ते पहिल्यांदा मागू नये असं माझं मत आहे. एका विषयात पुढं जाऊ देणं मागावं.

त्यानं पोर बिघडतं म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये गणितात फार पुढं असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, आणि त्या मुलांचा माग पुढं अनेक दशकं घेतला गेला. विषयात वेगानं पुढं गेलेल्या मुलांचं त्यामुळे नुकसान झाल्याचं त्यातून दिसलेलं नाही. बिघडतं ते कंटाळलेलं पोर. सगळं आधीच येत असलेलं पोर पाठीमागं बसून दुसऱ्याच्या वेण्या ओढतं, आणि मग आपण म्हणतो, मार्क पडतात पण वळण नाही.

अन्यायाच्या मुद्द्यात मात्र एक खरी गोष्ट दडली आहे. बोलायची सवय असलेले, चार लोकांत ऊठबस असलेले पालकच शाळेत जातात. उसाच्या टोळीवर गेलेल्या बाईची पोरगी कितीही हुशार असली तरी तिच्यासाठी कोण बोलणार? म्हणून ही मागणी एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच्या, बैठकीत मांडावी. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात, तेव्हा ती जागा आपलीच आहे. तिथं 'माझ्या पोराला द्या' असं न म्हणता 'ज्याला पुढचं झेपतं त्या प्रत्येकाला द्या' असं म्हणा. आणि खरा अन्याय कुठं होतो ते सांगू? हुशार पोराला मॉनिटर करून पाढे घ्यायला, वह्या तपासायला बसवतात तिथं. वर्षभर ते पोर फुकटचा मास्तर होतं आणि स्वतः काही नवीन शिकत नाही.

राहिलं इंग्लिश मीडियम. मूल कोणत्या माध्यमात घालायचं हा पालकांचा निर्णय. सरकार मातृभाषेचं माध्यम लादू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितलं. तेव्हा कुणी घातलं तर मी नावं ठेवणार नाही. मराठी शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, अतिथी शिक्षकांवर वर्ष निघतं, हेही खरं. पण माध्यम बदलल्यानं वेग बदलत नाही. तिसरीचं गणित येणाऱ्या पोराला तिथंही तिसरीचंच गणित मिळणार, फक्त इंग्रजीतून.

शिवाय हिशेब करा. आठवीला होणारी केंद्र सरकारच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेत नेलंत की तो अर्ज गेला. केंद्राच्या नवोदय या निवासी शाळांच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेचंही असंच. एकदाच बसता येतं, ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी, आणि मूल पाचवी त्याच जिल्ह्यात शिकत असलं पाहिजे. 'चांगली शाळा' म्हणून पाचवीला पोर चंदगड-गडहिंग्लजला मामाकडे ठेवणाऱ्यांना बेळगाव जिल्ह्याच्या नवोदयचा फॉर्म भरता येत नाही, हे फॉर्म भरायच्या वेळीच कळतं.

एक गोष्ट आपल्या काही मंडळींना आवडणार नाही, तरी सांगतो. पोर हुशार असेल तर त्याला कन्नडही लवकर आणि नीट येऊ द्या. तालुक्याच्या वाचनालयातली पुष्कळ पुस्तकं आणि पुढच्या बऱ्याच परीक्षांची माहिती त्या भाषेत असते. सीमाप्रश्नावर तुमचं जे मत असेल ते राहू दे, पोराच्या दप्तरात ते कशाला?

मागायचं कसं, तर बोलून आणि मग लिहून. आधी वर्गाच्या बाईंना भेटा, पुढच्या इयत्तेच्या पुस्तकातली पोरानं स्वतः सोडवलेली गणितं दाखवा. 'आमचं पोर फार हुशार आहे' हे वाक्य तोंडातून काढू नका, ते त्या रोज ऐकतात. नेमकं मागा: गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसू द्या, शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं घरी न्यायला द्या, आलेला धडा दहादा लिहून घेण्याऐवजी दुसरं काम द्या, विज्ञानातल्या नव्या कल्पनांसाठीच्या 'इन्स्पायर' पुरस्काराला नाव पाठवा. महिनाभरात हललं नाही तर हेडमास्तरांना अर्ज, मग सीआरपी (आसपासच्या शाळांचे समन्वयक), मग बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी).

अर्ज मराठीत दिला तर चालतो. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी माझा सल्ला असा की सोबत कन्नड भाषांतराचा एक कागद जोडा, म्हणजे 'वाचता आलं नाही' म्हणून फाईल टेबलावर पडून राहणार नाही. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊनच ऑफिसातून बाहेर पडा.