पसरलेला ग्रुप आणि दारूचा तराजू

अमेरिकेत घरी काडतुसे भरणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो: 9 मिमी पिस्तुलाचा ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) पसरला की दोष बंदुकीच्या दारूच्या वजनाचा, दर काडतुसाची दारू 0.1 ग्रेनपर्यंत (सुमारे 6.5 मिलिग्रॅम) तोला, नळीला शिसे चिकटत असेल तर अधिक कडक गोळी घ्या आणि पाच गोळ्या झाडून खात्री करा. (भारतात परवान्याविना काडतुसे बनवणे शस्त्र अधिनियम, 1959 नुसार गुन्हा आहे, तेव्हा ही चर्चा तिकडचीच समजावी.)

दारू तोलायलाच हवी, कारण एखाद्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) ती दुप्पट पडली तर पिस्तूल फुटू शकते. नेमाचा हिशेब मात्र वेगळा आहे. हवेचा अडथळा सोडला, तर सेकंदाला 300 मीटर वेगाची गोळी 25 मीटरवर सुमारे 34 मिमी खाली येते आणि 310 मीटर वेगाची सुमारे 32 मिमी. गोळीचे भोकच 9 मिमीचे; तिथे या दोन मिलिमीटरांतून तळहाताएवढा, तोही आडवा पसरलेला ग्रुप कसा निघणार?

शिशाच्या बाबतीत तर उपायच बहुधा रोग वाढवतो. गोळी नळीपेक्षा बारीक असली की तिच्या कडेने तापलेला वायू निसटतो आणि शिसे नळीला लिंपले जाते. कडक गोळी दाबाने फुगून ती फट सहसा बुजवत नाही. विकत घेतलेली गोळी 0.356 इंचाची असते हे खरे, पण पुंगळीत बसवल्यावर ती तेवढी उरते का, हे फारसे कोणी पाहत नाही. मी दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) न घालता एक काडतूस बनवले, हातोडीसारख्या पुलरने ठोकून गोळी बाहेर काढली आणि मायक्रोमीटर लावला, तेव्हा ती 0.354 भरली आणि अंगावर क्रिंपची, म्हणजे पुंगळीचे तोंड गोळीवर आवळल्याची, खोल रेघ दिसली. 9 मिमीची पुंगळी नळीच्या मागच्या भागात आपल्या तोंडाच्या कडेवर टेकते. तिथे क्रिंपने फक्त फुलवलेले तोंड सरळ करायचे असते. .38 स्पेशल ही रिव्हॉल्व्हरची काडतुसे घट्ट क्रिंपने भरण्याच्या सवयीने मी डाय (क्रिंप करणारा साचा) आवळली होती. ती अर्धा फेरा सैल केल्यावर त्याच गोळ्या आणि तेवढ्याच दारूत ग्रुप जवळपास निम्म्यावर आला.

हे अर्थात पाच गोळ्यांवरून म्हणत नाही. तेवढ्यांचा ग्रुप निव्वळ योगायोगानेही लहानमोठा होतो. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, एकाच दिवशी, कारखान्याची आणि स्वतःची काडतुसे आलटून-पालटून, प्रत्येकी पाचचे निदान पाच ग्रुप झाडावेत. कारखान्याचीही तशीच पसरली, तर भरणीला हात लावण्याआधी नेम धरायच्या साइटचा स्क्रू तपासावा.