वर्तुळाच्या आतलं नागपूर

"आता ड्रोनला परवानगी लागत नाही" असं नागपुरात जो तो छातीठोकपणे सांगतो. अर्धवट खरं आहे, म्हणूनच जास्त घोळ होतो.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये नवे ड्रोन नियम आले, सप्टेंबरमध्ये कुठं उडवता येतो ते रंगांनी दाखवणारा नकाशा. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा, म्हणजे जिथं विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची (एटीसी) परवानगी लागते तो, ४५ किलोमीटरवरून १२ वर आणला. झकास केलं. कळमेश्वर-सावनेरच्या संत्रा बागाईतदारानं फवारणीसाठी सोनेगाव विमानतळाच्या एटीसीची वाट का बघायची? पण शहराचं काय? आपलं विमानतळ गावाबाहेर राहिलेलंच नाही. हद्दीपासून ५ किलोमीटर लाल, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही, ५ ते ८ मध्ये अगदी जमिनीपासून पिवळं, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक. सोमलवाडा, मनीषनगर, जयताळा, सगळं लालमध्ये.

हे माहीत कुणाला आहे? वर्धा रोडच्या एका लॉनवर मुलीचे वडील फोटोवाल्याच्या मागंच लागले. तो पोरगा बिचारा म्हणतोय, "काकाजी, रेड झोन आहे इथं." "पाच मिनिटांत काय होते बे? वरात काय रोज रोज निघते?" उडाला ड्रोन. थोड्याच वेळात चाकं बाहेर काढलेलं विमान उतरताना दिसलं, आणि पाहुणे दोघांकडेही मोबाईल रोखून उभे. दंड लाखापर्यंत जाऊ शकतो, हे काकाजींच्या गावीही नव्हतं.

लाल पट्टा काढा असं मी मुळीच म्हणत नाही. आकार बदला म्हणतो. धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. विमान उतरतं ते जयताळ्याच्या अंगानं किंवा चिंचभवनच्या. लक्ष्मीनगर बाजूला पडतं, तरी नियम सगळीकडं सारखाच. इमारतींच्या उंचीसाठी मात्र रंगीत नकाशा आहे, त्यात चौकोनागणिक उंची वेगळी.  सिमेंटला जमतं ते ड्रोनला का जमू नये?

शिवाय ही अंतरं मोजतात विमानतळाच्या हद्दीपासून. मिहानकडे (विमानतळालगतच्या उद्योग-मालवाहतूक प्रकल्पाकडे) दुसऱ्या धावपट्टीची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. उद्या हद्द सरकली की वर्तुळंही सरकणार. तेव्हा खापरी-बुटीबोरीकडच्या लोकांना सरकारच्या ऑनलाइन नकाशाच्या भरवशावर सोडू नका, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नकाशा लावा. आणि लालमधल्या लॉनवाल्यांना आजच सांगा: बुकिंगच्या पावतीवर ठळक छापा, इथं ड्रोन उडवायचा नाही.