‘बोटीतून काय दिसणार?’ : सफारीच्या एका व्हायरल मेसेजला उत्तर

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. लिहिणाऱ्याचं नाव नसतं, पण वर ‘अनुभवाचे बोल’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं. मजकूर साधारण असा : आफ्रिकेत सफारीला जायचं तर किमान दहा-बारा दिवस हवेत, तीन-चार दिवसांसाठी जाणं म्हणजे पैसे पाण्यात. जायचं ते केनियातल्या मसाई मारालाच, आणि तेही जुलै-ऑगस्टमध्येच. बोटीची सैर एजंट गळ्यात मारतात; खरे प्राणी जीपमधूनच दिसतात. शिवाय पाणघोडे बोटी उलटवतात, मुलांना घेऊन पाण्यात जाऊ नका. ‘बिग फाइव्ह’ दिसले नाहीत तर सफारी फुकट. बोत्स्वाना हा कोट्यधीशांचा देश, तिकडे फिरकू नका. आणि शाकाहाऱ्यांनी खाकऱ्यांचे डबे बांधून न्यावेत.

सात दावे आहेत. शेवटचा सोडला तर बाकीच्यांत एखादा खरा कण आहे, म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. उत्तर देताना मी चोबे नदीचं उदाहरण घेतो, कारण कमी दिवसांत जंगल आणि नदी दोन्ही पाहायची असतील तर याहून सोयीची जागा सांगणं अवघड आहे. उत्तर बोत्स्वानात कासाने नावाचं गाव आहे. त्याच्या उशाला चोबे राष्ट्रीय उद्यान, पलीकडच्या काठावर नामिबिया, आणि थोडं पुढे चोबे झांबेझी नदीला मिळते तिथे झांबिया आणि झिम्बाब्वे. झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याचं गाव इथून रस्त्यानं 80 किलोमीटरच्या आसपास.

आता ‘दहा-बारा दिवस’. हा आकडा पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या फेरीवरून आलेला आहे. नैरोबीला उतरायचं, नाकुरू, मारा, मग सीमा ओलांडून टांझानियातलं सेरेंगेटी, न्गोरोन्गोरो आणि परत. दिवसाआड बॅगा भरायच्या आणि पाच-पाच, सहा-सहा तास गाडीत धूळ खायची. एवढं सगळं एका दमात पाहायचं तर दहा दिवस लागणारच, त्यावर वाद नाही. पण त्यातले निम्मे दिवस प्राण्यांऐवजी रस्ता बघण्यात जातात. कासानेत विमानतळ गावालगत आहे, उद्यानाचं सेदुदू गेट गाव संपलं की लगेच येतं, आणि बऱ्याच लॉजचा स्वतःचाच बोटीचा धक्का असतो. गावातल्या रस्त्यांच्या कडेला वॉर्टहॉग, म्हणजे तिकडची मस्सेवाली रानडुकरं, पुढचे गुडघे टेकून गवत खाताना दिसतात. इथे तीन रात्री राहिलात तर दोन सकाळी जीप आणि तीन दुपारी बोट सहज जमते. पुढे धबधब्यापाशी दोन रात्री. मुंबईतून निघून मुंबईत परत यायला विमानप्रवास धरून आठवडा, फार तर आठ दिवस. घड्याळात फरक साडेतीन तासांचा, त्यामुळे जेटलॅगमध्ये दिवस वाया जात नाही.

मात्र एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. व्हिक्टोरिया फॉल्स गावातून ‘चोबे डे ट्रिप’ विकली जाते : सकाळी निघायचं, सीमा ओलांडायची, सकाळी बोट, जेवण, दुपारी जीप, संध्याकाळी परत. कोरड्या दिवसांत हत्तींचे कळप प्रामुख्यानं उतरत्या दुपारी पाण्यावर येतात, आणि नेमकं तेव्हा हे पाहुणे सीमेवर पासपोर्ट हातात धरून रांगेत असतात. थोडक्यात आटोपायचं असेल तर धबधब्याची एक रात्र कमी करा, कासानेची नको.

बोटीच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण मेसेजची सगळ्यात मोठी गफलत इथेच आहे. या भागात दोन अगदी वेगळ्या गोष्टी ‘बोट’ या एकाच नावानं विकल्या जातात. धबधब्याच्या वरच्या अंगाला झांबेझीवर जी ‘सनसेट क्रूझ’ असते, तिचा मुख्य भर सूर्यास्त आणि पेयं यांवर. पाणघोडे दिसतात, पक्षी दिसतात, नशीब असेल तर एखादा हत्ती. तेवढंच करून आलेला माणूस ‘बोटीतून काय दिसणार’ म्हणाला तर त्याला दोष देता येत नाही. चोबेवरची बोट म्हणजे त्याच उद्यानात पाण्यावरून मारलेली सफारी.

यामागचं कारण साधं आहे. बोत्स्वानात सुमारे 1,30,000 हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. पावसाळ्यात ते आतल्या मोपाने झाडांच्या जंगलात पांगलेले असतात, कारण जागोजागी डबकी भरलेली असतात. मे-जूनपासून ती आटत जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत मैलोनमैलांच्या परिसरात पाणी उरतं ते नदीतच. मोठ्या हत्तीला दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं. मग कळप नदीवर येतो, आणि रोज येतो. त्याला शोधत फिरावं लागत नाही.

नदीच्या मधोमध सेदुदू नावाचं सपाट गवताळ बेट आहे, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा तुकड्यासाठी बोत्स्वाना आणि नामिबिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. 13 डिसेंबर 1999 रोजी निकाल बोत्स्वानाच्या बाजूनं लागला, पण बेटाच्या दोन्ही बाजूंच्या प्रवाहांत दोन्ही देशांच्या बोटी मोकळेपणानं फिरतील असंही न्यायालयानं सांगितलं. हत्तींना अर्थातच निकालाची गरज पडली नव्हती. काठ चरून उघडाबोडका झाला की ते पोहत बेटावर जातात. आधी पाठ दिसते, मग डोकं, मग पाण्यावर नुसती वर काढलेली सोंड. पिल्लं दोन मोठ्यांच्या मधे असतात. बेटावर पोचल्यावर काय करतात ते जवळून पाहण्यासारखं आहे : सोंडेनं गवताचा जुडगा मुळासकट उपटायचा, पाण्यात दोन-चारदा सपासप आपटायचा, माती निघाली की तोंडात टाकायचा. हे तुम्ही काही मीटरवरून पाहता, इंजिन बंद असतं, आणि तुमचे डोळे हत्तीच्या गुडघ्यांच्या पातळीला असतात. जीपमधून हा कोन मिळत नाही.

पक्ष्यांचं तर सांगायलाच नको. भिगवणला उजनीच्या पाण्यात नावेतून रोहित पाहिलेल्यांना हे समजावावं लागणार नाही : काठावरून जो पक्षी दुर्बिणीतही ठिपका वाटतो तो नावेतून हाताच्या अंतरावर येतो. आपल्याकडचा काळा-पांढरा कवड्या खंड्या चोबेवरही आहे, तसाच हवेत एका जागी फडफडून पाण्यात सूर मारणारा. त्याच्या जोडीला आफ्रिकन मत्स्यगरुड, कमळपक्षी, पाणी उतरल्यावर वाळूच्या पट्ट्यांवर अंडी घालणारे पाणचिरे, आणि सप्टेंबरच्या सुमारास आलेले किरमिजी वेडे राघू. बोट निवडताना एवढं पाहा की ती लहान, सपाट तळाची असेल. दुमजली, गाणी लावलेली बोट असेल तर मेसेजवाल्याचंच म्हणणं खरं ठरेल.

जीप घेऊ नका असं मी म्हणत नाही. सिंह, जिराफ, सेबल हरणं, झालाच तर बिबट्या, हे सकाळच्या जीपचं काम. सकाळी जीप, दुपारी बोट, हाच क्रम बरा.

पाणघोडे बोटी उलटवतात का? उलटवतात. माणसं मरतात का? हो. पण कोणाची? ओंडका कोरून केलेल्या होडीतून मासेमारी करणारी, नदीवर पाणी भरायला जाणारी, रात्री नदीकाठच्या शेतात राखणीला बसलेली गावकरी मंडळी. पाणघोडा रात्री चरायला जमिनीवर येतो आणि त्याच्या व खोल पाण्याच्या मधे कुणी आलं तर तो बिथरतो. चोबेवरच्या पर्यटक बोटी रुंद, जड, धातूच्या असतात, वाटाडे परवानाधारक असतात, आणि पाणघोड्याची खोल पाण्याकडची वाट मोकळी ठेवणं हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा. सूर्यास्तानंतर बोटी उद्यानाच्या पाण्यात थांबत नाहीत. मुलांना एकच गोष्ट बजावा : हात पाण्यात सोडायचा नाही, कारण काठावर आ वासून पडलेल्या मगरी नुसत्या शोभेला नसतात. झांबेझीवर वल्ह्याच्या होडीतून जाण्याचे कार्यक्रमही विकले जातात; ते वेगळं प्रकरण. तिथे मेसेजमधली भीती रास्त आहे आणि मुलांना घेऊन मी तरी जाणार नाही.

‘मसाई माराच, जुलै-ऑगस्टच.’ विल्डेबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरणांच्या कळपांचं स्थलांतर पाहायचं असेल तर मान्य, त्याला पर्याय नाही. पण त्या कळपांनी मारा नदी ओलांडण्याचा तो प्रसंग तुमच्या तारखांना घडेलच असं नाही, आणि तिथे पर्यटकांची बोट चालत नाही. शिवाय 2024 पासून मारा अभयारण्याचं परदेशी प्रौढांसाठीचं शुल्क जुलै ते डिसेंबरमध्ये माणशी दिवसाला 200 डॉलर आहे, जानेवारी ते जूनच्या बरोबर दुप्पट. आपल्या शाळांच्या सुट्ट्या जुलै-ऑगस्टमध्ये नसतातच. हा सल्ला मुळात युरोप-अमेरिकेच्या उन्हाळी सुट्ट्यांवर बेतलेला आहे, आपण तो जसाच्या तसा उचलला.

चोबे आणि धबधबा यांचं वेळापत्रक वेगळं आहे, आणि गंमत म्हणजे दोघांचं एकमेकांशी पटत नाही. 1,708 मीटर रुंद आणि 108 मीटर उंच असा हा धबधबा एप्रिलच्या आसपास सर्वाधिक भरलेला असतो. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर रेनकोट घालूनही चिंब व्हाल, आणि काही ठिकाणी तुषारांच्या पडद्यामुळे धबधबाच दिसणार नाही. त्याच वेळी चोबेला पूर असतो, सेदुदूचा बराच भाग पाण्याखाली, हत्तींची गर्दी नुकती सुरू होत असते. उलट दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर हत्ती सगळ्यात जास्त, ऊन मात्र चाळिशीला टेकतं, आणि धबधब्याचा झांबियाकडचा भाग जवळपास कोरडा कातळ. तेव्हा झिम्बाब्वेच्या बाजूनं पाहा. नोव्हेंबर मध्याला दिवाळी असेल तर पावसाचा जुगार. दोन्ही थोडं थोडं हवं असलेल्यांनी जून-जुलै धरावा, पण पहाटेच्या उघड्या जीपमध्ये पारा पाच-सहा अंशांवर जातो. माकडटोपी न्यायला लाजू नका.

‘बिग फाइव्ह’ ही सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा यांची यादी शिकाऱ्यांनी केलेली, पायी मारायला अवघड कोण या हिशोबानं. तुमच्या हातात कॅमेरा आहे. यादीत पाणघोडा नाही, जिराफ नाही, मगर नाही. चोबेत गेंड्याची आशा धरू नका, बिबट्या नशिबावर. गेंडा पाहायचाच असेल तर झांबियाच्या बाजूला मोसी-ओआ-तुन्या हे 66 चौरस किलोमीटरचं छोटं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे रखवालदारांसोबत पायी जाऊन पांढरे गेंडे पाहता येतात, अर्ध्या दिवसाचं काम.

बोत्स्वाना महाग? ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या, लहान विमानानंच पोचता येणाऱ्या कॅम्पांपुरतं खरं. तिथे एका माणसाच्या एका रात्रीचे लाखभर रुपये सहज जातात. कासाने मात्र हमरस्त्यावरचं गाव आहे. पेट्रोल पंप, सुपरमार्केट, साधी गेस्टहाउस, तंबू ठोकायच्या जागा, आणि माणशी तिकिटावर मिळणारी बोट, सगळं आहे.

पैसे वाचवायचे तर कागदपत्रांकडे नीट बघा, कारण खरा भुर्दंड तिथे बसतो. झिम्बाब्वेत उतरून बोत्स्वानात जायचं आणि परत झिम्बाब्वेतूनच विमान पकडायचं असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. मुलं सोबत असतील तर जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत ठेवा. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घेऊन ठेवलेली बरी. केनिया आणि इथिओपिया दोन्ही भारताच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहेत, प्रमाणपत्र आता आजन्म चालतं, आणि ते लागू असताना जवळ नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. चोबे मलेरियाच्या पट्ट्यात येतं, तेव्हा गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

राहता राहिले खाकरे. लॉजच्या बुफेत भाज्या, सॅलड, पाव, फळं, मक्याच्या पिठाचा घट्ट ‘पाप’ आणि ‘मोरोगो’ ही पालेभाजी मिळते. उपाशी कुणी राहत नाही. न्यायचेच असतील तर खुशाल न्या, पण घरच्या तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवा. बोत्स्वाना गोमांस निर्यात करतं आणि लाळ्या-खुरकूत रोगाला फार जपतं, त्यामुळे सीमेवर मांस आणि दुधाचे पदार्थ काढून घेतात. गाडीची चाकं औषधी पाण्यातून जातात, तुम्हाला खाली उतरून जंतुनाशकात भिजवलेल्या पट्टीवर बूट दाबून चालावं लागतं, आणि कधी कधी बॅगेतले जादा बूटही बाहेर काढायला लावतात. म्हणून ते वरच ठेवा.