काचेचं कपाट आणि तीन सेंटिमीटर

परवाच्या शूटिंगपासून माझ्या फॉलो फोकसचं, म्हणजे लेन्सची फोकसची रिंग फिरवायच्या दातेरी चाकाचं, नाव 'पंख्याचा रेग्युलेटर' पडलं आहे. बारसं केलं ते ज्यांच्या हॉलमध्ये आम्ही शूट करत होतो त्या काकांनी. "कॅमेऱ्याला रेग्युलेटर कशाला?" एवढंच ते म्हणाले आणि अख्खं युनिट हसलं. युनिटचं सोडा, दिग्दर्शकही हसला. ज्याचा प्रत्येक क्लोज-अप त्या चाकावर तरतो, त्यानं तरी हसू नये.

हे चाक लावायची पाळी कशामुळे आली? २००८ साली कॅननचा ५डी मार्क टू आला आणि ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर फुल एचडी व्हिडिओ घेता येऊ लागला. सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मची नेहमीची फ्रेमसुद्धा याहून लहान. मागचं सगळं कसं छान धूसर दिसायला लागलं आणि खिशात दमडी नसलेले आम्ही सगळे त्यावर भाळलो. तो धूसरपणा सांभाळायचा कोणी, हे मात्र कोणी विचारलं नाही. फोटोच्या लेन्सची रिंग ऑटोफोकसच्या मोटरसाठी बनवलेली असते. मोटरला घाई, म्हणून रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ९० अंश फिरते, कधी त्याहूनही कमी. सिनेमाच्या लेन्सला त्याच कामासाठी २७०-३०० अंश मिळतात. फोटोच्या लेन्सवर दोन मीटरपासून अनंतापर्यंतचं जग बोटभर जागेत कोंबलेलं असतं, आणि नायिकेनं पुढे टाकलेली दोन पावलं मी त्या बोटभर जागेत पकडायची.

फॉलो फोकसनं यात मदत होते, पण जाहिरातीत दाखवतात तेवढी नाही. दातांचं माप ठरलेलं, त्याला ०.८ मॉड म्हणतात. लेन्सवरची रिंग १०० दातांची आणि फॉलो फोकसचं गिअर ५० दातांचं असेल, तर लेन्स पाव फेरा फिरवायला चाक अर्धा फेरा फिरतं. ९० अंशांचे १८० झाले, संपलं. त्यातून पुन्हा 'प्ले' वजा करायचा. चाकाची दिशा बदलली की दात दाताला भिडेपर्यंत चाक फुकट फिरतं आणि लेन्स ढिम्म हलत नाही. विकत घेताना एका हातानं लेन्सची रिंग घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं चाक हलवून बघा. चाक जेवढं डुगडुगेल तेवढा प्ले. असलं चाक गळ्यात पडलंच असेल तर मार्क (चाकाच्या चकतीवर केलेली, कुठे थांबायचं त्याची खूण) लावताना आणि शॉटमध्ये, दोन्ही वेळा मार्कवर एकाच बाजूनं यायचं.

बसवण्यातही गोम आहे. फॉलो फोकस बसतो कॅमेऱ्याखालच्या १५ मिमीच्या दोन रॉडवर, त्यांच्या मध्यांमधलं अंतर ६० मिमी, इथवर सगळं ठीक. पण कॅमेरा उभा असतो तळाच्या एकाच पाव इंची स्क्रूवर. गिअर लेन्सला जोरात दाबलं की कॅमेराच त्या स्क्रूभोवती वळतो आणि चाक फिरवताना फ्रेम मान हलवते. सैल ठेवलं तर दात उड्या मारतात आणि ती करकर थेट माईकमध्ये जाते. बेसप्लेटला, म्हणजे कॅमेरा ज्या पाटीवर बसतो तिला, कॅमेऱ्याच्या पाठीला टेकणारी कड हवीच. लेन्सवर आवळायच्या दातेरी पट्ट्याची उरलेली शेपटी कापून टाका, आणि पट्ट्याचा जोड गिअर पोचणारच नाही अशा बाजूला ठेवा. जोड मध्ये आला की ऐन भावनिक क्षणी चाक 'टक्' करून अडतं.

तर काका. नायिका खुर्चीत, लेन्स ८५ मिमी, तिचं भोक एफ १.८ (आकडा लहान तेवढं भोक मोठं), अंतर दीड मीटर. या हिशेबात शार्प दिसणारा पट्टा सगळा मिळून तीन सेंटिमीटरच्या आसपास. मी टेप काढली. काकांनी न विचारता तिचं टोक हातात घेतलं.

"कुठून मोजायचं?"

"कॅमेऱ्यावर गोल आणि त्यातून गेलेली रेघ दिसते ना, तिथून. तिथे सेन्सर असतो."

"अहो, बाहेरून मोजा की! पोटातून मोजलेलं कधी ऐकलंय?"

"लेन्सवरचे आकडे तिथूनच धरलेले असतात, काका."

"बरं. तिकडे कुठपर्यंत? नाकापर्यंत?"

"डोळ्यापर्यंत."

"नाक आधी येतं."

"येतं, पण प्रेक्षक डोळ्यांत बघतो."

"मग नाकाचं काय?"

"नाक जरा सॉफ्ट जाईल."

काकांनी टेप सोडली आणि नायिकेकडे वळले. "हे तुझं नाक पुसट करणार आहेत. तुला सांगितलंय का?" तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं नाक चाचपलं, खुर्ची मागे घेतली, झालेली मोजणी पाण्यात.

पुन्हा टेप, चकतीवर पुन्हा मार्क. तेवढ्यात काका मॉनिटरपाशी.

"माझं कपाट कुठाय?"

तिच्या मागे त्यांचं काचेचं कपाट होतं, आत बुद्धिबळाचे चषक. आदल्या दिवशी त्यांनी ते स्वतः पुसून ठेवलं होतं.

"मागे आहे, काका."

"मागे आहे ते मला ठाऊक आहे, मीच ठेवलंय. दिसत का नाही?"

"मुद्दाम धूसर ठेवलंय."

"मुद्दाम?"

यानंतर मला प्रत्येक चषकाची माहिती मिळाली. त्यातला एक उपविजेतेपदाचा होता, पण त्या साली विजेता वशिल्याचा होता. मग त्यांनी मोबाईल काढून फोटो घेतला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा. नाक, डोळे, कपाट, सगळं. आपोआप!" चीड याची येते की त्यांचं बरोबर होतं. मोबाईलचा सेन्सर इवलासा, लेन्स काही मिलिमीटरची, त्यात सगळंच शार्प येतं. फोकस पुलर, म्हणजे चाक फिरवणारा माझ्यासारखा माणूस, लागतो तो मोठा सेन्सर घेऊन वर लेन्सचं भोक सताड उघडं ठेवणाऱ्यांना.

आता खरं दुखणं सांगतो. सकाळपासून मी दिग्दर्शकाला विनवत होतो, एफ ४ वर जाऊ या. तीनऐवजी सात सेंटिमीटर मिळतील, नाक-डोळे दोन्ही आत येतील, तिला जरा झुकताही येईल. उत्तर ठरलेलं, "सिनेमॅटिक वाटणार नाही." काकांचा चेहरा पडला मात्र, "कपाट थोडं दिसू दे, एफ ४ करू या" असा हुकूम सुटला. कपाट एफ ४ वरही शार्प येत नाहीच, पण काचेवरची चमक दिसली आणि काका निवले. १.८ वरून ४ वर जायचं तर उजेड जवळजवळ पाचपट लागतो. तेवढे दिवे आणणार कुठून? आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ४०० वरून २००० वर गेला, आणि सावल्यांतल्या दाण्यांचं खापर संध्याकाळी कॅमेऱ्यावर फुटलं.

नंतर मॉनिटरवर पीकिंग लावलं, म्हणजे शार्प भागांवर लाल रेघा काढणारी सोय. पीकिंगला फोकस कळत नाही, त्याला कळतात फक्त ठळक कडा. गुळगुळीत गालावर एक लाल रेघ उमटेना आणि मागचे चषक मात्र लालेलाल. काका खूश. "बघा, मशीनसुद्धा तेच म्हणतंय." पीकिंगची संवेदनशीलता कमी करून पापणीच्या केसांवर रेघ आणायची असते. हे मी त्यांना समजावत बसलो नाही.

राहिला लूप, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर लावून डोळ्यानं बघायचं भिंग. मागच्या तीन इंची पडद्यावर जेमतेम ६४० बाय ४८० बिंदू, लूप तेच मोठे करून दाखवतो. तरी उन्हात दुसरा इलाज नाही. फक्त लूपचं भोक उन्हाकडे तोंड करून ठेवू नका, त्याच्या भिंगातून पडदा जळतो. आणि आपल्या नजरेला डायॉप्टर (लूपचा नंबर जुळवायची कडी) जुळला की त्यावर लगेच गॅफर टेप मारा, कारण डोकावणारा प्रत्येक चष्मेवाला तो फिरवून जातो. आमच्याकडे कोणी फिरवला, ते सांगायला नको.

आता निर्मात्यानं पुढच्या शूटसाठी नवी लेन्स आणली आहे, फोकस-बाय-वायर. तिच्या रिंगचा आतल्या काचांशी थेट संबंध नाही. रिंग फिरवली की मोटरला फक्त इशारा जातो. बहुतेक अशा लेन्समध्ये झटक्यात फिरवलं तर फोकस लांब पळतो, हळू फिरवलं तर कमी सरकतो, आणि रिंगला दोन्हीकडे टोक म्हणून नाहीच. चकतीवर केलेला मार्क दुसऱ्या टेकला खोटा ठरतो. फॉलो फोकस, रॉड, पट्टा सगळं नीट बसवलं तरी तेच. हे मी निर्मात्याला उदाहरणासकट दाखवलं. तो म्हणाला, "बॉक्स उघडलाय. आता परत घेत नाहीत."