बोलू की, घाई काय आहे!

तीन-चार वर्षं एकत्र फिरून झाली, आता घरी सांगायचं ठरलं, म्हणजे आधी एकमेकांशी बोलायला हवं, असा काहींचा गैरसमज होतो. तुमचा होऊ देऊ नका.

समजा, तुम्ही पुण्यातले. तुमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा उंबरठ्याबाहेर. ती मालवणची, सोमवार आणि गुरुवार सोडून पानात मासळी नसेल तर तिला जेवल्यासारखं वाटत नाही. हॉटेलात तिनं सुरमई मागवली की आपण सोलकढी मागवावी आणि म्हणावं, ‘मला काहीच प्रॉब्लेम नाही.’ हे वाक्य थेट साखरपुड्यापर्यंत पुरतं. फक्त ‘मला’वर जोर देऊ नका, नाहीतर ती तुमच्या आईबद्दल विचारेल.

सुरमईचं एक वेळ निभावेल. खरी गोम आहे सुक्या जवळ्यात. जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यातच तिची आई पावसाळ्याची बेगमी बांधून पाठवणार. जवळा, सोडे, बोंबील. ते डबे तुमच्या वन बीएचकेत कुठल्या फडताळात राहणार, आणि जवळा तव्यावर पडला की चार महिने मुक्कामाला आलेल्या तुमच्या मातोश्रींनी कुठल्या खोलीत बसायचं? (खोल्या किती, ते पुन्हा एकदा मोजा.) असले विषय प्रेमाच्या दिवसांत काढणारा माणूस अरसिकच म्हणायचा. त्यापेक्षा मुलांची नावं ठरवा. ती काय खातील, ते नको.

पैशांचंही तेच. तुम्ही गावी दरमहा किती पाठवता, तिच्या भावाच्या शिक्षणाचं कर्ज कोण फेडतंय, फ्लॅट कुणाच्या नावावर, हे विचारायचं म्हणजे व्यवहार झाला. ‘माझं-तुझं असं काही आहे का आपल्यात?’ असं म्हणून बिल तिला भरू द्यावं.

तरीही तिनं विषय काढलाच, तर जागा तुम्ही निवडा. सिंहगड रस्त्यावर, संध्याकाळी सात वाजता, दुचाकीवर, दोघांच्याही डोक्यात हेल्मेट. ती मागून काहीतरी विचारेल, तुम्ही ‘हो हो’ म्हणा. कशाला हो म्हणालात ते लग्नानंतर कळेलच. घरी पोचल्यावर मात्र मित्राला फोन करून तासभर सगळं सविस्तर सांगा. मनात साठवून ठेवणं चांगलं नाही म्हणतात.

सरकारसुद्धा तुमच्याच बाजूनं आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिलीत की ती कार्यालयात लागते आणि ३० दिवस कुणालाही हरकत घेता येते. हरकत कशावर? वय, आधीचा हयात जोडीदार, मानसिक अवस्था, निषिद्ध नातं. जवळ्याचं कलम कुठेच नाही. संसदेला जे सुचलं नाही ते तुम्ही कशाला उकरून काढता? त्या ३० दिवसांत अख्ख्या जगाला हरकतीची मुभा असते. त्यात आपली दोघांची भर नको. पुढे तीन साक्षीदार लागतात. तुमचा फोन ऐकलेल्या मित्राला घ्या, निदान एका साक्षीदाराला तरी प्रकरण ठाऊक असेल.

आणि एवढं करूनही बिनसलंच, तरी सोय आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. त्या वर्षात मातोश्री सुखात, तिकडे जवळाही सुखात. मग कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक तुम्हा दोघांना समोरासमोर बसवतात आणि बोलतं करतात, तेही हेल्मेटशिवाय. ‘हे लग्नाआधी बोलला नव्हतात का?’ असं त्यांनी विचारलंच, तर दोघांनी एका सुरात सांगावं, ‘विषयच निघाला नाही.’ संमती अशी परस्पर दिसली पाहिजे.